फार्गोला न पोहोचलेले विमान

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या मेसन सिटी विमानतळावरून ३ फेब्रुवारी १९५९ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर १२ वाजून ५५ मिनिटांनी, एका छोट्या विमानाने उड्डाण केले. बीचक्राफ्ट बोनान्झा जातीचे, १९४७ साली बांधलेले, एका इंजिनाचे आणि चार आसनांचे विमान. वैमानिक होता रॉजर पीटरसन, वय २१. शेजारच्या आसनावर बडी हॉली, वय २२. मागे रिची व्हॅलेन्स, वय १७, आणि ‘द बिग बॉपर’ या नावाने गाजलेला जे. पी. रिचर्डसन, वय २८. त्यांना उत्तर डाकोटातल्या फार्गोला जायचे होते. काही मिनिटांतच, विमानतळापासून जेमतेम आठ किलोमीटरवर, बर्फाने झाकलेल्या शेतात विमान कोसळले आणि चौघेही जागीच ठार झाले.

अमेरिकी रॉक अँड रोलच्या इतिहासात या रात्रीला मोठे स्थान आहे. १९७१ मध्ये डॉन मॅक्लीन याने ‘अमेरिकन पाय’ हे गाणे गायले आणि हा अपघात पुढच्या पिढ्यांच्याही स्मरणात राहिला. विमानाचेच नाव ‘अमेरिकन पाय’ होते, अशी एक समजूतही त्यातून पसरली. ती साफ चुकीची आहे. त्या विमानाला नाव नव्हते, फक्त नोंदणी क्रमांक होता. गाण्यात वैमानिकाचाही उल्लेख नाही. तो सापडतो सिव्हिल एरॉनॉटिक्स बोर्ड या तेव्हाच्या सरकारी तपास मंडळाच्या अहवालात. सप्टेंबर १९५९ मध्ये निघालेला हा अहवाल थोडक्या पानांचा आहे, भाषा कोरडी आहे. पण तो बारकाईने वाचला की लक्षात येते, एका तरुणाच्या हातून झालेल्या चुकीच्या मागे कितीतरी माणसांचे छोटे-मोठे निर्णय उभे होते.

त्यातला पहिला निर्णय हॉलीचा स्वतःचा. टेक्सासमधल्या लबक गावचा हा चष्मेवाला मुलगा १९५७ मध्ये ‘दॅटल बी द डे’ या गाण्याने देशभर पोहोचला होता. पण १९५८ च्या अखेरीस त्याचे आपल्या व्यवस्थापकाशी, नॉर्मन पेटी यांच्याशी, बिनसले. मानधनाचा पैसा अडकून पडला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याचे मारिया एलेना सँटियागो हिच्याशी लग्न झाले होते, न्यूयॉर्कमध्ये नवा संसार मांडला होता, मारिया एलेना गरोदर होती. हातात रोख पैसा हवा होता. म्हणून ऐन हिवाळ्यात, मनात फारसे नसतानाही, त्याने ‘विंटर डान्स पार्टी’ नावाचा दौरा पत्करला. जुने सहकारी बरोबर नव्हते. टॉमी ऑलसप गिटारला, कार्ल बंच ड्रमला आणि बेसला वेलॉन जेनिंग्ज, असा नवा ताफा जमवला. जेनिंग्ज तर बेस गिटार या दौऱ्यासाठीच शिकला होता.

दौरा २३ जानेवारीला विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत सुरू झाला. २४ दिवसांत २४ गावे, विश्रांतीचा दिवस जवळजवळ नाहीच. आखणी करणाऱ्यांनी नकाशा समोर ठेवला होता की नाही, असा प्रश्न पडावा असा मार्ग होता. आज एका टोकाला कार्यक्रम, उद्या शेकडो किलोमीटर दूर, परवा पुन्हा पहिल्या गावाच्या आसपास. त्या काळात मध्य-पश्चिमेत आजच्यासारखे रुंद महामार्ग सर्वत्र नव्हते. गायक, वादक आणि त्यांची वाद्ये एकाच बसमध्ये. बसही धड नव्हती. एक बंद पडली की दुसरी, दुसरी बंद पडली की तिसरी. एखादीचे हीटर चालत नव्हते, एखादीचे इंजिन.

३१ जानेवारीला मिनेसोटातल्या डुलुथमध्ये कार्यक्रम झाला. प्रेक्षकांत १७ वर्षांचा रॉबर्ट झिमरमन होता. पुढे बॉब डिलन म्हणून नावारूपाला आलेल्या या कवी-गायकाने २०१७ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात त्या संध्याकाळची आठवण सांगितली आहे. कार्यक्रम आटोपून मंडळी निघाली आणि रात्री विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात, जंगलातल्या रस्त्यावर बस पुन्हा बंद पडली. तापमान शून्याच्या कितीतरी खाली. ऊब मिळावी म्हणून बसच्या आतच वर्तमानपत्रे जाळली गेली. कार्ल बंचच्या पायांना हिमदंश झाला आणि त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. १ फेब्रुवारीचा ॲपल्टनमधला दुपारचा कार्यक्रम रद्द झाला, रात्रीचा ग्रीन बेमधला मात्र झाला. ड्रम वाजवायला माणूस नव्हता, तेव्हा गायकच आळीपाळीने ड्रमवर बसू लागले.

२ फेब्रुवारीची तारीख मुळात मोकळी होती. आयोजकांनी ती भरून काढण्यासाठी आयोवातल्या क्लिअर लेक गावच्या सर्फ बॉलरूमला फोन केला. तिथले व्यवस्थापक कॅरोल अँडरसन तयार झाले. म्हणजे दहा दिवसांच्या दगदगीनंतर मिळू शकणारा विसाव्याचा एक दिवसही गेला. ग्रीन बेहून सुमारे साडेपाचशे किलोमीटरचा प्रवास करून बस संध्याकाळी क्लिअर लेकला पोहोचली. दुसऱ्या दिवशी मिनेसोटातल्या मूरहेडला कार्यक्रम, म्हणजे कार्यक्रम संपताच आणखी सुमारे ५९० किलोमीटर, त्याच बसने, त्याच थंडीत.

हॉलीने इथे ठरवले की आता बस नको. कपडे धुऊन मिळावेत, एक रात्र पलंगावर झोपायला मिळावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. अँडरसन यांनी शेजारच्या मेसन सिटीतल्या ड्वायर फ्लाइंग सर्व्हिसकडे चौकशी केली. माणशी ३६ डॉलरमध्ये विमान ठरले. वैमानिक सोडून जागा तीन. मूरहेडच्या अगदी शेजारी, नदीपलीकडे फार्गो; तिथे मोठा विमानतळ होता, म्हणून उतरायचे फार्गोला.

हॉलीच्या दोन साथीदारांसाठी असलेल्या दोन जागा त्या संध्याकाळी हातोहात बदलल्या. रिचर्डसनला फ्लू झाला होता, शरीरही धिप्पाड; बसच्या आसनात त्याला अंग टेकता येत नव्हते. त्याने जेनिंग्जकडे जागा मागितली आणि जेनिंग्जने ती देऊन टाकली. हे कळल्यावर हॉलीने त्याची थट्टा केली की तुमची बस पुन्हा गोठो. जेनिंग्जनेही तशाच थट्टेने उत्तर दिले की तुमचे विमान पडो. हे शब्द त्याने आयुष्यभर मनाला लावून घेतले. ऑलसप आणि व्हॅलेन्स यांच्यात नाणेफेक झाली, व्हॅलेन्स जिंकला. कॅलिफोर्नियातल्या पकॉइमा या वस्तीत वाढलेल्या या मुलाला विमानाची धास्ती होती, आणि तिला कारण होते. ३१ जानेवारी १९५७ रोजी त्याच्या शाळेवर दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन अवशेष कोसळले, त्यात विद्यार्थी मरण पावले. व्हॅलेन्स त्या दिवशी आजोबांच्या अंत्यविधीला गेला होता म्हणून शाळेत नव्हता. दोन वर्षांनी, गाण्यांनी नाव मिळवून दिल्यावर, त्याने मन घट्ट करून विमानात बसायचे ठरवले.

आता वैमानिकाकडे वळू. ‘अननुभवी’ या एका शब्दात पीटरसनला बसवणे न्याय्य होणार नाही. आयोवातल्याच अल्टा गावचा हा मुलगा ऑक्टोबर १९५४ पासून, म्हणजे शाळकरी वयापासून विमान चालवत होता. व्यावसायिक परवाना होता, उड्डाण शिकवण्याचाही परवाना होता. ड्वायर फ्लाइंग सर्व्हिसमध्ये सुमारे वर्षभर नोकरीला होता. एकूण ७११ तासांचे उड्डाण त्याच्या नावावर होते, त्यातले १२८ तास बोनान्झा विमानांत. नुकतेच लग्न झाले होते. छोट्या गावातल्या भाड्याच्या विमानसेवेसाठी हा चांगलाच वैमानिक म्हणायचा.

पण एक गोष्ट त्याच्याकडे नव्हती, आणि त्या रात्री नेमकी तीच लागणार होती.

बाहेर बघून विमान चालवणे वेगळे आणि केवळ उपकरणे बघून चालवणे वेगळे. दिवसा, स्वच्छ हवेत, वैमानिकाला समोर क्षितिजरेषा दिसते. विमान किती कलले, नाक वर आहे की खाली, हे तो डोळ्यांनीच ठरवतो. ढगात, दाट बर्फवृष्टीत किंवा काळोखात ती रेषा नाहीशी होते. मग भिस्त राहते ती कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या सूक्ष्म नलिकांवर, आणि त्या इथे फसवतात. विमान हळूहळू एका बाजूला कलत गेले तर नलिकांतला द्रव थोड्या वेळात स्थिरावतो आणि माणसाला वाटते, आपण सरळ आहोत. कललेले विमान उंची गमावू लागते. वैमानिक नाक वर उचलायला दांडा ओढतो, त्याने वळण आणखी घट्ट होते, वेग वाढतो, विमान गिरकी घेत खाली जाते. वैमानिकांच्या जगात या घसरणीला मृत्यूची गिरकी म्हणतात. यातून वाचायचे तर शरीर काय सांगते ते बाजूला ठेवून समोरच्या काट्यांवर पूर्ण विश्वास टाकायला शिकावे लागते. ते प्रशिक्षण पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झालेल्यालाच उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, मिळते.

हे तेव्हा अज्ञात होते असे नाही. अपघाताच्या पाच वर्षे आधी, १९५४ मध्ये, शेजारच्याच राज्यात, इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांना विमानात बसवून बाहेरचे काही दिसू नये अशी व्यवस्था केली. विमान होते बोनान्झाच. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. कुणाचा २० सेकंदांत, कुणाचा आठ मिनिटांत; सरासरी १७८ सेकंद. १९ जण त्याच जीवघेण्या गिरकीत सापडले. शेजारी प्रशिक्षक बसलेला होता म्हणून सगळे सुखरूप उतरले. त्याच लोकांना थोडे प्रशिक्षण दिल्यावर मात्र बहुतेकांना विमान सांभाळून उलट दिशेने वळवता आले. म्हणजे रोगही कळला होता आणि औषधही.

पीटरसन या वीस जणांइतका कोरा नव्हता. त्याने उपकरणांवर उडण्याचे सुमारे ५२ तासांचे प्रशिक्षण घेतले होते, लेखी परीक्षाही उत्तीर्ण झाला होता. पण २१ मार्च १९५८ रोजी झालेल्या प्रत्यक्ष उड्डाणाच्या चाचणीत तो नापास झाला. पात्रता मिळाली नाही. ड्वायर यांच्या कंपनीचा परवानादेखील बाहेर बघून करायच्या उड्डाणांपुरताच होता. त्यामुळे त्या रात्री सगळे अवलंबून होते ते एका प्रश्नावर: हवा कशी आहे?

पीटरसनने ही चौकशी टाळलेली नाही. संध्याकाळी साडेपाचपासून तो मेसन सिटीच्या हवामान-माहिती केंद्राकडे विचारणा करत होता. रात्री त्याने पुन्हा पुन्हा विचारले आणि मध्यरात्रीच्या सुमारास तो व मालक जेरी ड्वायर स्वतः केंद्रात जाऊन आले. सुरुवातीला मिळालेली माहिती दिलासा देणारी होती: वाटेतल्या सर्व ठिकाणी ढगांची उंची ५,००० फूट किंवा त्याहून जास्त, दृश्यता १० मैल किंवा जास्त, पहाटे फार्गोजवळ शीत आघाडी येण्याची शक्यता. पण केंद्राने एक गोष्ट सांगितली नाही. रात्री ११:३५ ला मिनियापोलिसहून तातडीची सूचना निघाली होती: सुमारे १०० मैल रुंदीचा बर्फवृष्टीचा पट्टा आग्नेयेकडे सरकतो आहे, त्यात दृश्यता दोन मैलांच्याही खाली. मग रात्री १२:१५ ला कॅन्सस सिटीहून आणखी एक, विमानावर बर्फ साचण्याचा इशारा देणारी. दोन्ही सूचना उड्डाणापूर्वी निघालेल्या, आणि दोन्हींकडे पीटरसनचे लक्ष वेधले गेले नाही.

मेसन सिटीतही हवा बिघडत चालली होती. उड्डाणाच्या वेळी हलका बर्फ पडू लागला होता, आकाश झाकोळलेले, ढगांची उंची ३,००० फुटांवर आलेली, दृश्यता सहा मैल. दक्षिणेकडून २० नॉटचा वारा आणि मध्येच ३० नॉटपर्यंत झोत. वायव्येकडे विरळ वस्तीची शेती, दिवे जवळजवळ नाहीत. कागदावर उड्डाण अजूनही नियमात बसत होते. तपास मंडळाने मात्र नंतर नि:संदिग्धपणे म्हटले की अशा परिस्थितीत क्षितिज दिसणे शक्यच नव्हते आणि विमान केवळ उपकरणांवरच चालवावे लागणार, हे जवळजवळ निश्चित होते.

मध्यरात्रीनंतर अँडरसन यांनी तिघा गायकांना आपल्या गाडीतून विमानतळावर आणले. सामान चढले. सतराव्या क्रमांकाच्या धावपट्टीवरून विमान दक्षिणेकडे उडाले, डावीकडे वळून साधारण ८०० फुटांवर उलट दिशेला फिरले, विमानतळाच्या पूर्वेकडून गेले आणि वायव्येला लागले. ड्वायर कंट्रोल टॉवरच्या बाहेरच्या सज्जात उभे राहून बघत होते. शेपटीचा पांढरा दिवा दूर जाताना दिसत होता. आठएक किलोमीटरवर गेल्यावर तो हळूहळू खाली उतरू लागला आणि दिसेनासा झाला. आकाशात गेल्यावर उड्डाणाचा आराखडा रेडिओवरून नोंदवतो, असे पीटरसनने सांगितले होते. तो संदेश आला नाही. ड्वायर यांच्या विनंतीवरून केंद्राने पुन्हा पुन्हा हाका मारल्या, उत्तर नाही. फार्गोलाही विमान पोहोचले नव्हते.

सकाळी ड्वायर दुसरे विमान घेऊन त्याच मार्गाने निघाले. ९:३५ च्या सुमारास त्यांना शेतात अवशेष दिसले. चार इंच बर्फ होता. उजव्या पंखाचे टोक आधी टेकले होते, तिथून विमान सुमारे ५४० फूट गडगडत जाऊन काटेरी तारेच्या कुंपणाला अडकले होते. पीटरसनचा देह आतच अडकला होता, तिघे गायक बाहेर फेकले गेले होते. डॅशबोर्डवरच्या काट्यांनी धडकेच्या क्षणीची नोंद धरून ठेवली होती: वेग ताशी १६५ ते १७० मैल, खाली येण्याची गती मिनिटाला ३,००० फूट, विमान उजवीकडे ९० अंशांत कललेले आणि नाक खाली. इंजिन व्यवस्थित चालू होते. वेग आणि कल पाहता ही त्याच गिरकीची नोंद होती.

तिथे तपासनीसांना आणखी एक गोष्ट सापडली, आणि मला ती या साऱ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते. विमानाचा कल आणि नाकाची दिशा दाखवणारे मुख्य उपकरण या बोनान्झात स्पेरी कंपनीच्या एफ-३ बनावटीचे होते. पीटरसन ज्या विमानांत उपकरणांवर उडायला शिकला, त्या सर्वांत नेहमीच्या पद्धतीचे कृत्रिम क्षितिज होते. दोन्ही उपकरणे एकच गोष्ट दाखवतात, पण नाक वर की खाली हे स्पेरीचे उपकरण नेमके उलट्या रीतीने दाखवत असे. मंडळाचा तर्क असा: वाऱ्याच्या झोतांमुळे इतर काटे थरथरत असणार, म्हणून पीटरसनला याच उपकरणावर सारी भिस्त ठेवावी लागली असणार, आणि ते उलटे वाचून तो असे समजला असेल की आपण वळत वर चढतो आहोत, जेव्हा प्रत्यक्षात विमान वळत खाली जात होते. विमानात नुकताच स्वयंचलित नियंत्रक, ऑटोपायलट, बसवला होता; तो चालू अवस्थेत नव्हता.

मारिया एलेनाला पतीच्या मृत्यूची बातमी टीव्हीवरून कळली. त्यानंतर लवकरच तिचा गर्भपात झाला. नातलगांना कळवल्याखेरीज मृतांची नावे जाहीर करू नयेत हा संकेत पुढे रूढ झाला. त्याची कहाणी सांगताना या प्रसंगाचा उल्लेख आजही होतो. रिचर्डसनची पत्नीही गरोदर होती, त्यांचा मुलगा एप्रिलमध्ये जन्मला.

दौरा थांबला नाही. मूरहेडचा कार्यक्रम त्याच संध्याकाळी झाला. स्थानिक रेडिओवरून कलाकारांसाठी आवाहन गेले आणि फार्गोचा १५ वर्षांचा बॉबी व्ही आपल्या मित्रांचा ताफा घेऊन मंचावर आला. त्याची गायनाची कारकीर्द इथूनच सुरू झाली. जेनिंग्ज आणि ऑलसप उरलेला दौरा पूर्ण करूनच घरी गेले.

हॉलीची मोठी कारकीर्द जेमतेम दीड वर्षाची. १९५८ च्या मार्चमध्ये त्याने ब्रिटनचा दौरा केला होता, आणि तिथल्या मुलांनी त्याला मनात जपून ठेवले. लिव्हरपूलच्या ज्या टोळक्यातून पुढे बीटल्स उभे राहिले, त्यांनी १९५८ मध्ये केलेले पहिले ध्वनिमुद्रण ‘दॅटल बी द डे’ याच गाण्याचे. १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सने ‘नॉट फेड अवे’ गायले, तेही हॉलीचे. व्हॅलेन्सचे ‘ला बाम्बा’ हे मेक्सिकन लोकगीतावर बेतलेले स्पॅनिश गाणे आजही जगभर वाजते. १७ वर्षांच्या मुलाने मागे ठेवलेला हा ठेवा थोडा नव्हे.

कोसळण्याच्या कारणांबद्दल अफवाही उठल्या. काही आठवड्यांनी बर्फ वितळल्यावर शेतात हॉलीचे पिस्तूल सापडले आणि विमानात गोळी झाडली गेली असावी, अशी कुजबुज सुरू झाली. २००७ मध्ये मुलाच्या इच्छेनुसार रिचर्डसनचा मृतदेह बाहेर काढून तपासण्यात आला. न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञ बिल बास यांना घातपाताची कोणतीही खूण आढळली नाही. मृत्यू तत्काळ झाला होता.

दुर्दैव असे की हीच घटना वेगवेगळ्या नावांनी पुन्हा घडत राहिली. ५ मार्च १९६३ रोजी गायिका पॅट्सी क्लाइन टेनेसीत अशाच छोट्या विमानात मारली गेली. खराब हवेत शिरलेल्या तिच्या वैमानिकाकडेही उपकरणांवर उडण्याची पात्रता नव्हती. १६ जुलै १९९९ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा जॉन केनेडी ज्युनियर पायपर साराटोगा विमान स्वतः चालवत मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाला. पत्नी आणि मेहुणी बरोबर होती. त्याच्या नावावर सुमारे ३१० तास होते, ही पात्रता नव्हती, समुद्रावर धुके होते. विमान गिरकी घेत समुद्रात कोसळले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारण नोंदवले: रात्री पाण्यावर उतरत्या प्रवासात वैमानिकाला दिशाभ्रम होऊन ताबा सुटणे. मधल्या ४० वर्षांत विमाने, रेडिओ, हवामान-यंत्रणा सारे सुधारले होते. माणसाचा आतला कान तोच होता.

म्हणूनच नियम कठोर असण्याला मोल आहे. आज अमेरिकेत व्यावसायिक परवाना असला तरी ही पात्रता नसलेल्या वैमानिकाला पैसे घेऊन प्रवाशांना रात्री नेता येत नाही, आणि ५० सागरी मैलांपलीकडे तर दिवसाही नाही. हौशी वैमानिकालाही परवाना मिळण्याआधी उपकरणांवर उडण्याचे किमान तीन तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. हे नियम १९५९ मध्ये असते तर पीटरसनला त्या रात्री निर्णय घ्यावाच लागला नसता. त्याच्या वतीने तो आधीच घेतला गेला असता.

आणि निर्णयाचा भार कुणावर पडला ते पाहावे. दौऱ्याची आखणी करणाऱ्यांनी माणसांच्या झोपेचा विचार केला नाही. बस देणाऱ्यांनी थंडीचा केला नाही. हवामान केंद्राने हातातल्या सूचना पुढे केल्या नाहीत. ‘नाही, आज नको’ म्हणायची वेळ आली तेव्हा ती २१ वर्षांच्या, मार्चच्या चाचणीत नापास झालेल्या, मालकाच्या आणि देशभर गाजणाऱ्या गायकांच्या समोर उभ्या असलेल्या मुलावर आली. त्याच्या मनात काय चालले होते, ते अहवाल सांगत नाही. त्याने नकार द्यायला हवा होता, यात शंका नाही. पण नकार देणे त्याला सर्वांत अवघड होते, यातही शंका नाही.

२००९ मध्ये, अपघाताला ५० वर्षे झाली तेव्हा, त्या शेतात पीटरसनचेही स्मारक उभे राहिले. गायकांचे १९८८ पासूनच होते. २०१५ मध्ये एका वैमानिकाने फेरतपासाची मागणी केली. वाहतूक सुरक्षा मंडळाने ती विचारात घेतली आणि नाकारली. त्यामुळे १९५९ चा निष्कर्ष आजही अधिकृत आहे: पात्रता नसताना केवळ उपकरणांवर चालवावे लागेल असे उड्डाण हाती घेण्याचा वैमानिकाचा अविचारी निर्णय. बहुतेक जण हे वाक्य इथेच थांबवतात. तेव्हाच्या तपास मंडळाने त्यापुढे हातभार लावणारी आणखी दोन कारणे नोंदवली आहेत: हवामानाची माहिती देण्यातल्या गंभीर त्रुटी, आणि विमानाची स्थिती दाखवणाऱ्या उपकरणाची वैमानिकाला नसलेली ओळख. ही गोष्ट पुढे सांगताना वाचकांनी ही दोन कारणेही सांगावीत.